जर्मनीचे पाहुणे आयबॅन मागून राह्यले, आपल्याकडं तो कुठं भेटते?

पळसफूल · १५ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मोहर्ली गेटच्या अलीकडं आमचं गाव, तालुका भद्रावती. घरामागच्या दोन खोल्यांचा होमस्टे केला, त्याला आता तिसरं वर्ष. एप्रिलमध्ये जर्मनीचं एक जोडपं ५ रात्री येणार आहे. ३०० युरो अ‍ॅडव्हान्स पाठवतो म्हणाले. मी खाते क्रमांक, आयएफएससी, शाखेचं नाव, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, सगळं पाठवलं. उत्तर आलं, आयबॅन पाठवा, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक म्हणे.

मंगळवारी ताडोबा बंद राह्यते, त्या दिवशी मले फुरसत. २२ किलोमीटर गाडी हाणत शाखेत गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणे, आयबॅन म्हणजेच आयएफएससी. मी तोच पाठवला, त्यांच्या अ‍ॅपनं घेतला नाही. मग एक वेबसाइट सापडली, खाते क्रमांक टाकला का आयबॅन बनवून देते. तिनं 'आय एन'नं सुरू होणारा लांबलचक नंबर काढून दिला. तोही चालला नाही. आता पाहुण्यांच्या मेलची भाषा बदलली आहे. म्हणजे मी भामटा तर नाही, असं त्यांना वाटून राह्यलं बहुतेक. काय करू?

कापूसकोंड्या · रात्री ९.३१

वेबसाइटवरून आयबॅन बनवला? उद्या सातबारा पण बनवशील बे तिथूनच.

दर्यापूरचा_दुबईकर · रात्री १०.०५

भाऊ, मी ८ वर्षांपासून दुबईत आहे. इथल्या माझ्या खात्याले आयबॅन आहे, 'ए ई' धरून २३ अक्षरं. पण घरी पैसे पाठवताना एक्स्चेंजच्या काउंटरवर आजवर कोणी आयबॅन मागितला नाही. बाबांचा खाते क्रमांक नि आयएफएससी दिला का दुसऱ्या दिवशी दर्यापुरात पैसे जमा. तुझे जर्मन पाहुणे काऊन अडून बसले?

पासबुकवाले_काका · १६ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

नागपुरात परकीय चलनाच्या टेबलावर ११ वर्षं बसून निवृत्त झालो आहे. हा प्रश्न महिन्यातून चारदा तरी यायचा, म्हणून सविस्तर लिहितो.

भारतात आयबॅन नाही. कुठल्याच बँकेत नाही. तुमच्या शाखेत नाही, मुंबईच्या मुख्यालयातही नाही. आयबॅनची जागतिक नोंदवही स्विफ्ट ही देशोदेशींच्या बँकांमधले निरोप पोचवणारी संस्था सांभाळते आणि त्या वहीत भारताचं पानच नाही. जर्मनीचं आहे (२२ अक्षरं), ब्रिटनचं आहे (तीही २२), सौदीचं २४, नॉर्वेचं फक्त १५. जास्तीत जास्त ३४ अक्षरांपर्यंत मुभा आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन हेही आपल्यासारखेच आयबॅन न वापरणारे. तेव्हा आपण मागासलेले आहोत म्हणून आपल्याकडं तो नाही, असं कोणी समजू नये.

आता काउंटरवरच्या साहेबांचं. ते खोटं बोलले नाहीत, त्यांनी आयुष्यात जे पाहिलं तेच सांगितलं. गावात परदेशातून येणारा बहुतेक पैसा आखातातून येतो आणि तो दुबईकर म्हणतात तसा एक्स्चेंज हाउसमधून येतो. त्या एक्स्चेंजचं इथल्या एखाद्या बँकेत रुपयांचं खातं असतं. तुम्ही तिकडं दिरहम मोजता, इकडं त्या रुपयांच्या खात्यातून तुमच्या बाबांना साध्या देशी मार्गानं रुपये येतात. शेवटचा टप्पा पूर्ण भारतातला, म्हणून आयएफएससी पुरतो. जर्मनीच्या बँकेतून सरळ निघालेले युरो या वाटेनं येत नाहीत. ते स्विफ्टच्या निरोपावर बँकेतून बँकेत येतात आणि तिथं बँक ओळखायला स्विफ्ट कोड लागतो, नुसत्या आयएफएससीवर भागत नाही.

घोळ होण्याचं आणखी एक कारण आहे. आयएफएससी ११ अक्षरांचा, पूर्ण स्विफ्ट कोडही ११ अक्षरांचा, आणि दोन्हींची पहिली ४ अक्षरं बँकेची. पाहणाऱ्याला भाऊ-भाऊच वाटतात. फरक पाचव्या अक्षरापासून. आयएफएससीत पाचवं कायम शून्य आणि पुढची ६ शाखेची. स्विफ्ट कोडात पाचवं-सहावं देशाचं, म्हणजे आपल्यासाठी 'आय एन'. नंतर २ ठिकाणाची आणि शेवटची ३ शाखेची, ती ऐच्छिक. म्हणून ८ अक्षरांचा स्विफ्ट कोडही बरोबर असतो. देशाच्या जागी शून्य दिसलं की युरोपातलं अ‍ॅप तिथंच नाकारणार. तुमचं तेच झालं.

काय पाठवायचं ते सांगतो. बँकेचा स्विफ्ट कोड, तुमचा पूर्ण खाते क्रमांक (आयबॅनच्या जागी नाही, खाते क्रमांकाच्या जागी), पासबुकावर आहे तसंच नाव, तुमचा पत्ता, बँकेचं नाव आणि शाखेचा पत्ता. आयएफएससी तपशिलाच्या ओळीत टाकायला हरकत नाही. तुमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसेल. शाखेला विचारा की परदेशातून आलेलं पेमेंट आपल्याकडं कोणत्या शाखेमार्फत येतं, आणि उत्तर कागदावर किंवा मेलवर घ्या. तोंडी नको.

पाहुण्यांना सांगा, अ‍ॅपमध्ये युरोपच्या आतलं हस्तांतरण आणि परदेशी हस्तांतरण असे दोन वेगळे रस्ते असतात. पहिल्यात आयबॅनशिवाय पुढं जाताच येत नाही. दुसरा उघडायचा. काही नुसत्या मोबाइलवरच्या बँकांत दुसरा रस्ता नसतोच, मग त्यांना दुसरी बँक पाहावी लागेल.

पळसफूल · सकाळी ७.१५

काका, पाया पडतो. आजच शाखेला मेल करतो.

तिखट_सांभारवडी · सकाळी ११.२०

माझा अनुभव उलट दिशेचा. मुलगी मागच्या वर्षी जर्मनीला शिकायला गेली. तिकडं व्हिसासाठी विद्यार्थ्याच्या नावानं बांधलेलं खातं दाखवावं लागतं, वर्षाचे ११,९०४ युरो, त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. एवढे पैसे आम्ही ब्रह्मपुरीहून पाठवणार म्हटल्यावर शाखेत सगळे माझ्याकडं पाहायला लागले. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, प्रवेशाचं पत्र, मग कोणत्या कारणासाठी त्याचा कोड. पैसे शैक्षणिक कर्जाचे होते म्हणून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापला नाही, १ एप्रिल २०२५पासून तसा नियम आहे म्हणाले.

मुद्दा असा, की तिथल्या मुलानं आयबॅन टाइप करताना ६८च्या जागी ८६ टाकलं आणि संगणकानं लगेच लाल केलं. मी घाबरले, म्हटलं खातंच खोटं निघालं की काय. तो म्हणाला, मावशी, खातं खरं आहे, माझं बोट चुकलं. पण संगणकाला हे कसं कळलं? त्याला थोडंच माहीत की माझ्या मुलीचं खातं कोणतं?

वैनगंगाकाठचा_मास्तर · दुपारी ३.४५

शाळा सुटली, आता लिहितो. ताई, संगणकाला खातं माहीत नसतं. त्याला फक्त भागाकार येतो.

आयबॅनमध्ये देशाच्या दोन अक्षरांनंतर जे दोन आकडे असतात ते पडताळणीचे. सगळीकडे उदाहरण म्हणून छापतात तो जर्मन नंबर घ्या: डी ई ८९ ३७०४ ००४४ ०५३२ ०१३० ००. सुरुवातीचे चार, म्हणजे डी ई ८९, उचलून शेवटी नेऊन ठेवायचे. अक्षरांना आकडे द्यायचे, ए म्हणजे १०, बी म्हणजे ११, असं झेड म्हणजे ३५पर्यंत. डी झाला १३, ई झाला १४. मग संख्या होते ३७०४००४४०५३२०१३०००१३१४८९. हिला ९७नं भागा. बाकी १ आली तर नंबर धड, दुसरं काहीही आलं तर कुठंतरी बोट घसरलं.

माझ्या आठवीच्या पोरांनी फळ्यावर करून पाहिलं. एवढी लांब संख्या एकदम भागायची गरज नाही. डावीकडून तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याची बाकी पुढच्या तुकड्याच्या डोक्यावर बसवा. पहिल्या नऊ आकड्यांची, ३७०४००४४०ची, बाकी २३ येते. तिच्यापुढं ५३२०१३० जोडलं की बाकी ७०. तिच्यापुढं उरलेले ००१३१४८९ जोडले की बाकी १. सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता, जणू वाघ दिसला.

९७च का? कारण ती मूळ संख्या आहे. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तर मूळ आणि चुकीच्या संख्येतला फरक नेहमी ९ गुणिले त्या दोन आकड्यांमधलं अंतर, आणि पुढं शून्यं. तुमच्या ६८ नि ८६मध्ये १८ आणि शून्यं. त्याला ९७नं पूर्ण भाग जाणं शक्यच नाही, म्हणून बाकी बदलते. एखादाच आकडा चुकला तरी तसंच. उगाच मनानं ठोकून दिलेला नंबर मात्र साधारण ९७ वेळांत एकदा नशिबानं पास होऊ शकतो.

पळसफूलच्या वेबसाइटनं काय केलं असेल तेही यातून कळतं. तिनं 'आय एन' घेतलं, खाते क्रमांक जोडला, आणि बाकी १ येईल असे दोन आकडे स्वतःच काढून मध्ये बसवले. भागाकार करून पाहा, बिनचूक उतरेल. फक्त तो देश यादीत नाही.

कापूसकोंड्या · दुपारी ४.०२

मास्तर, आमच्या वेळी तुम्ही कुठं होते? आमाले तर ९७चा पाढाच दिला असता पाठ कराले.

दालमिल_अकोला · संध्याकाळी ७.३०

आयबॅनच्या पहिल्या दोन अक्षरांनी मला एकदा वाचवलं. डाळीतले खडे नि काळे दाणे निवडणाऱ्या मशीनचे सुटे भाग चीनमधून मागवले होते. बोलणी मेलवर, दोन हप्ते झाले, तिसरा बाकी. एक दिवस मेल आला, आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी पैसे या दुसऱ्या खात्यात टाका. तोच मजकूर, तीच सही, कंपनीचा तोच शिक्का. खाली आयबॅन दिलेला.

मी तो बँकेत घेऊन गेलो. तिथल्या मॅडमनी एवढंच विचारलं, माल चीनचा ना, मग नंबर 'पी टी'नं का सुरू होतो? ते पोर्तुगाल आहे. आणि चीनमध्ये आयबॅन असतोच कुठं? मी विक्रेत्याला जुन्या फोन नंबरवर फोन लावला. त्यानं असा मेल पाठवलाच नव्हता. कोणीतरी मेलबॉक्समध्ये बसून आमचं सगळं बोलणं वाचत होता. मेलचा पत्ता नीट पाहिला तर एका अक्षराचा फरक निघाला.

नंबर बाकी मास्तरांच्या भागाकारात एकदम पास होता हो. खरंच खातं होतं ते, फक्त चोराचं.

पासबुकवाले_काका · रात्री ८.१०

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आयबॅनमधले दोन आकडे नंबर तपासतात, माणूस तपासत नाहीत. युरोझोनमधल्या बँकांना ९ ऑक्टोबर २०२५पासून पैसे निघण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतो का ते पाठवणाऱ्याला दाखवणं बंधनकारक झालं, पण ते त्यांच्यात त्यांच्यातल्या युरो पेमेंटसाठी. आपल्याकडंही आरटीजीएस-एनईएफटीला खातेदाराचं नाव आधी पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५पासून आली. अकोल्याहून चीनला निघालेल्या पैशाला यातलं काहीच लागू नाही. तिथं मॅडमचे डोळेच कामाचे.

पळसफूल · ४ मार्च, रात्री ९.४५

मंडळी, वाईट बातमी. शाखेनं मेलवर स्विफ्ट कोड दिला, पाहुण्यांनी परदेशी हस्तांतरणाचा रस्ता उघडला, पैसे निघाले. ११ दिवसांनी त्यांच्याच खात्यात परत. ३००चे २७४ झाले. मधल्या बँकांनी कापले म्हणे. आमच्या शाखेत विचारलं तर, आमच्याकडं काही आलंच नाही. आता पाहुण्यांसमोर तोंड दाखवाची सोय राह्यली नाही. २६ युरो मीच भरून देतो म्हटलं.

पासबुकवाले_काका · रात्री १०.००

लाभार्थीचं नाव काय टाकलं होतं?

पळसफूल · रात्री १०.०४

होमस्टेचं नाव. तेच नाव वेबसाइटवर आहे, त्यांना तेच माहीत.

पासबुकवाले_काका · रात्री १०.३०

तिथंच माशी शिंकली. पासबुकावर तुमचं नाव आहे, होमस्टेचं नाही. मुख्यालयातल्या परकीय चलन विभागानं नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं असणार. शाखेला कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही, ही आपली जुनी रीत. पाहुण्यांना म्हणावं, बँकेकडून यूईटीआर मागा. डॅशसकट ३६ अक्षरांचा तो क्रमांक प्रत्येक स्विफ्ट पेमेंटला लागलेला असतो. त्यावरून पैसे कुठं थांबले, कोणी किती कापले, परत का गेले, सगळं दिसतं. कुरियरच्या पावतीसारखंच.

कापाकापीचं म्हणाल तर जर्मन बँक आणि आपली बँक यांची एकमेकांकडं खाती असतीलच असं नाही. मध्ये एखादी तिसरी बँक असते आणि ती आपला हात ओला करून घेते. पाठवताना तीन पर्याय विचारतात: सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ज्याच्या-त्याच्या बाजूचा ज्यानं-त्यानं, किंवा सगळा घेणाऱ्याचा. काही निवडलं नाही तर बहुधा मधला लागतो. पाहुण्यांना पहिला पर्याय निवडायला सांगा आणि तो फरक भाड्यात वळता करा, दोघांचं समाधान होईल.

आणि दोन गोष्टी आधीच करून ठेवा. पैसे कशाचे असं बँक विचारणारच, तर बुकिंगचं बिल तयार ठेवा. घरखर्चाला आलेल्या पैशांचा कोड पी १३०१ असतो, शाखेत सवयीनं तोच मारतात. तुमचे पैसे तसले नाहीत, तो मारू देऊ नका. पुढच्या हंगामाआधी होमस्टेच्या नावानं चालू खातं काढा. बचत खात्यात धंद्याचे पैसे घेत राहिलात तर कधी ना कधी पत्र येईल.

दर्यापूरचा_दुबईकर · रात्री ११.१५

काका, तुम्ही नोकरीत असताना आमच्या शाखेत काऊन नव्हते?

सावलीची_पोर · ६ मार्च, दुपारी १.००

माझं खातं जिल्हा बँकेत आहे. मी बांबूच्या वस्तू बनवते, फ्रान्सच्या एका बाईला १२ टोपल्या हव्या आहेत. जिल्हा बँकेचा स्विफ्ट कोड कुठं मिळेल?

पासबुकवाले_काका · दुपारी २.२०

पोरी, बहुतेक जिल्हा बँकांना परकीय चलनाचा परवाना नसतो, म्हणून कोड शोधत बसू नकोस. परवाना असलेल्या बँकेत खातं काढ, तालुक्याला एखादी तरी सापडेल. खातं काढतानाच विचार, परदेशातून माल विकल्याचे पैसे घेता का. आणि टोपल्या परदेशी विकायच्या तर आयात-निर्यात कोड लागतो, तो ऑनलाइन निघतो. त्या टोपल्यांवर वेगळा धागा काढ, इथं हरवून जाईल.

पळसफूल · १९ मार्च, सकाळी ८.०५

आले! सोमवारी निघाले, काल दुपारी खात्यात. नाव पासबुकाप्रमाणं, मधलं नावसुद्धा. सगळा खर्च पाहुण्यांनी घेतला, ३००च्या ३०० युरोचे रुपये झाले. दर बातमीत दाखवतात त्याच्यापेक्षा जरा खाली लावला, आणि पन्नास-पंचावन्न रुपये जीएसटी कापला. तो कशाचा?

पासबुकवाले_काका · सकाळी ८.३०

अभिनंदन. बातमीतला दर बँका आपसात वापरतात, ग्राहकाला बँकेचा खरेदीचा दर लागतो. जीएसटी चलन बदलून दिल्याचा. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात, किमान २५०, आणि तिच्यावर १८ टक्के. म्हणजे २५ हजारांपर्यंत सरसकट ४५ रुपये, पुढं वाढत जातो. बँकेकडून परकीय चलन मिळाल्याचा दाखला मागून घ्या, हिशोबाला लागेल. आणि पाहुणे आले की विदेशी नागरिकाची ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत. ती विसरलात तर आयबॅनपेक्षा मोठं लफडं होईल.

पळसफूल · सकाळी ८.४८

नोंद दरवर्षी करतो काका, पोलीस पाटील शेजारीच राह्यते.

काल त्या साहेबांना पेढे द्यायला गेलो होतो. त्यांनी माझ्याकडून स्विफ्ट कोड विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवला, मार्चच्या पानावर. म्हटलं, साहेब, एप्रिलला पान फाडाल नं? तर म्हणे, तेव्हा तुले फोन करीन.

तिखट_सांभारवडी · सकाळी ९.१०

डिसेंबरच्या पानावर लिहायला सांगा त्यांना.

कापूसकोंड्या · सकाळी ९.१२

पेढे आमचे कुठं हायेत? खाते क्रमांक देऊ का, का स्विफ्ट लागते?

पळसफूल · सकाळी ९.४०

तुले आयएफएससीवर पाठवतो भाऊ. आता निघतो, आई मोह वेचाले एकटीच गेली, मागच्या आठवड्यात तिकडंच पगमार्क दिसले होते.